दोन गाठी

पारदर्शिकेवर वक्त्याच्या बोटाची सावली पडली. पडद्यावर ती झाडाएवढी दिसली.

नायलॉनची गाठ भिजली की सुटू बघते. सुताची भिजली की आवळते. म्हणून नायलॉनला एक वेढा जास्त.

एकेचाळीस पिवळी. सव्वीस हिरवी.

बाबा म्हणायचे, घड्याळ मागे पडलं. ते स्वतः उशिरा उठले असं आमच्या घरात कधी घडलं नाही.

कळव्याच्या पुलावर खाडीचा वास आधी टाळूला लागतो, नंतर नाकाला.

सही. त्यातल्या ‘जी’ची वेलांटी चौकटीबाहेर गेलेली.

यातलं काहीही कशाला जोडलेलं नव्हतं. निदान त्र्याण्णवच्या नोव्हेंबरपर्यंत, डोंबिवलीच्या त्या वर्गात मी बसले होते तोपर्यंत नव्हतं. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांसाठी उजळणी वर्ग होता, तीन आठवड्यांचा. हजेरी सक्तीची, चहा पातळ, आणि शेजारी शीला, कल्याणच्या कॉलेजातली, जी प्रत्येक व्याख्यानात स्वेटर विणायची आणि तरी प्रश्न नेमका विचारायची. दुपारच्या व्याख्यानाला एक तरुण वक्ता होता. त्याने फारसा आवाज न चढवता, जणू बसची वेळ सांगावी तसं सांगितलं, की हिरव्या रंगाची जी कणिका असते, हरितलवक, तिच्यात तिचा स्वतःचा डीएनए असतो. फुलझाडांत ती बहुधा आईकडून येते हे आपण शिकवतोच. पण शंकुधारी झाडांत ती बापाकडून येते. परागकणातून. चीड म्हणजे पाइनच्या झाडात हरितलवक बापाचं आणि तंतुकणिका, पेशीला ऊर्जा पुरवणारी, आईची, असं वाटप आहे. सरू-मोरपंखीच्या कुळात तर बहुधा दोन्ही बापाचीच. मग त्याने पारदर्शिका बदलली. खोलीत कोणी हललं नाही. शीलाची सुई चालू होती. माझ्या हातातलं पेन मात्र वहीवर एका जागी टेकून राहिलं आणि शाईचा ठिपका पसरत गेला, आणि मी त्या ठिपक्याकडे बघत राहिले, कारण वर बघितलं असतं तर पडद्यावर मला माझी एकेचाळीस रोपं दिसली असती. “काय गं, बरं नाही का?” शीलाने विचारलं. मी म्हटलं, “दामाजी बरोबर होता.” ती म्हणाली, “कोण दामाजी?” आणि या प्रश्नाचं उत्तर, साधं, एका वाक्याचं, मला देता येईना.

आमच्या प्रयोगशाळेचा परिचर. असं म्हणता आलं असतं.

चौऱ्याऐंशी साली मी पीएचडीला नाव घातलं तेव्हा वर्तकनगरला आमच्या इमारतीपुढे एक मोरपंखी होती, लोक जिला हौसेने ख्रिसमस ट्री म्हणतात आणि नाताळात कापूस चिकटवतात. तिची एक फांदी पिवळी होती. आजारी पिवळी नव्हे. सोन्याचं पाणी दिल्यासारखी, बारा महिने तशीच. मला वाटलं होतं, हा रंग पेशीच्या केंद्रकातून येत नाही, हरितलवकातून येतो. तसं असेल तर तो आईबरोबर जाईल. पुस्तकात तसंच होतं. हिरव्या आईला पिवळ्या फांदीचा पराग दिला तर पिल्लं हिरवी व्हायला हवीत. पिवळ्या आईला हिरव्याचा पराग दिला तर पिवळी. इतकं सोपं, इतकं सुंदर, की मला प्रयोग करायच्या आधीच निष्कर्षाचं प्रकरण लिहावंसं वाटत होतं. खरं सांगायचं तर लिहिलंही होतं. कच्चं.

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत दामाजी आणि मी सकाळी सहाला झाडापाशी असायचो. फांदीवरचे नर शंकू चिमट्याने एकेक काढायचे, तांदळाच्या कणीएवढे, मग कागदी पिशवी चढवायची. तो शिडीवर, मी खाली. पन्नाशीचा असेल तेव्हा, कळव्याचा कोळी, बोटं जाड पण चिमटा असा धरायचा की शंकूला कळूही नये. भिंगातून मी त्याला मादी शंकूच्या टोकावरचा थेंब दाखवला होता. सकाळी त्या टोकावर पाण्याचा एक थेंब येऊन उभा राहतो, टाचणीच्या डोक्याहून लहान, आणि वाट बघतो. पराग त्यावर पडला की थेंब आत ओढला जातो. नाही पडला तर पुन्हा दुसऱ्या दिवशी येतो. दामाजीने भिंगाला डोळा लावला आणि किती तरी वेळ काढला नाही. म्हणाला, “मॅडम, हा तं डोळाच झाला. उघडा ठेवलेला.” मी हसले होते. आज मला वाटतं, मी भिंगातून थेंब पाहिला, त्याने बघणारं कोणी तरी पाहिलं. मग आम्ही ब्रशने पराग घातला. माझ्या पदरावर पिवळी धूळ बसली, ती मी झटकली. झटकली. त्या धुळीच्या एकेका कणात हिरवा रंग करण्याचं पुरं ज्ञान होतं, किंवा ते ज्ञान हरवल्याची पुरी खूण होती, आणि ते सगळं वाऱ्यावर, इमारतींच्या गच्च्यांवरून, पाण्याच्या टाक्यांवरून, वाळत घातलेल्या चादरींवरून, एका उघड्या थेंबाकडे चाललेलं होतं. बापाकडे देण्यासारखं काही नसतं, नुसतं नाव असतं, असं आपण किती सहज धरून चालतो.

खुणेच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या, दामाजीने दोऱ्याने बांधल्या. जुलैत शाई उतरली, ऑगस्टपर्यंत कागद लगदा झाला, आणि फांद्यांवर नुसते दोरे राहिले. मला घाम फुटला. दामाजी शांत. “गाठी हायत ना,” म्हणाला. कळव्याला प्रत्येक घराची जाळ्याची गाठ वेगळी असते, वेढे किती आणि टोक कुणीकडे यावर. खाडीला उधाण आलं, जाळी वाहून एकमेकांत गुंतली, की गाठीवरून ज्याचं त्याला मिळतं. बाप मुलाला शिकवतो. दामाजीने हिरव्या आईच्या फांद्यांना स्वतःच्या घरची गाठ घातली होती आणि पिवळ्या आईच्या फांद्यांना सासऱ्याच्या घरची. सांगताना जरा लाजला. “म्हणजे कसं, पिवळी सोन्यासारखी ना. ती सासुरवाडी.”

नोव्हेंबरात बी काढलं, डिसेंबरात पेरलं, शहाऐंशीच्या जानेवारीत रोपं वर आली. दामाजीच्या गाठीच्या कुंड्यांत एकेचाळीस, सगळी पिवळी. सासऱ्याच्या गाठीच्या कुंड्यांत सव्वीस, सगळी हिरवी.

नेमकं उलटं. थोडं इकडेतिकडे असतं तर मी विचार केला असता. पाच पिवळी, दहा हिरवी, काही पट्ट्यापट्ट्यांची, अशी भेसळ निघाली असती तर निसर्गाला काही म्हणायचं आहे असं वाटलं असतं. पण आरशातल्यासारखं उलटं म्हणजे काय? म्हणजे अदलाबदल. ज्याच्या हाताने बांधलं त्याच्या हातून. हे मी किती तत्काळ ओळखलं. मला अजून आठवतं, ओळखल्यावर मला बरं वाटलं होतं. घड्याळ मागे पडलं होतं. आमच्या घरात दूध स्वतःहून उतू जायचं, किल्ली स्वतःहून हरवायची. बाबा गेले, पण हे माझ्यात आलं, कुठल्या कणिकेतून आलं कोण जाणे.

“मॅडम, गाठ चुकायची नाय.”

“दामाजी, माणसाच्या हातून होतं.”

“होतं. पण ही नाय. ही मी झोपेत पन बांधीन. बापानं पान्यात उभं करून शिकवलेली.”

“मग झाडानं चूक केली का?”

तो कुंड्यांना पाणी घालायला लागला. विभागप्रमुख सबनीस सर म्हणाले, मार्गदर्शकांना लेखी कारण द्यावं लागेल, विभागाच्या रजिस्टरात नोंद करून टाका. मी मजकूर सांगितला, लेखनिकाने लिहिला: माझ्या हातून खुणेच्या गाठींची अदलाबदल झाली. दामाजीने पेन घेतलं. सही करताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही, मीही नाही. दोघंही त्या वेलांटीकडे बघत होतो. माझं संशोधन नंतर सुटलं; पुन्हा दोन वर्षं कोण घालवणार, आणि पिवळी फांदी सोसायटीने रंगकामाच्या वेळी छाटली. दामाजीने सत्त्याऐंशीत मुदतीआधी नोकरी सोडली. निरोपसमारंभात मी त्याला छत्री दिली. विभागातर्फे.

डोंबिवलीहून परतले त्या संध्याकाळी मी गॅसवर आमटी ठेवली आणि विसरले. म्हणजे आमटी करपली नाही, मी करपवली. असं मनात म्हणून बघितलं. मग खिडकीपाशी उभी राहिले. खाली मोरपंखीची हिरवी बाजू अजून होती, अंधारत चाललेली, आणि मला प्रथमच तिची भीती वाटली, देवळात वाटते तशी. तिच्या आत दर वर्षी काय चाललं होतं! पराग थेंबात उतरतो, तीन-चार महिने नळी होऊन हळूहळू आत शिरतो, आणि मग बापाची सगळी चिल्लर, हरितलवकं, तंतुकणिका, गर्भाच्या केंद्रकाभोवती कडं करून उभी राहतात. आईची बाहेर राहतात आणि विरघळतात. आई स्वतःच्या घरात परकी होते आणि तरी तीच घर असते. बी तिचं, दूध तिचं, कवच तिचं. कुणी ठरवलं हे? फुलझाडांनी एक रीत धरली, या झाडांनी दुसरी, कोट्यवधी वर्षं, न भांडता. आणि हे सगळं माझ्या सदुसष्ट कुंड्यांत वर येऊन उभं होतं, रंगाने ओरडून सांगत होतं, बघ, बघ. मी कुंड्या उलट्या करायला लावल्या.

शनिवारी दुपारी मी कळव्याला गेले. पुलावरून चालत. गावात विचारलं तर एक पोरगी म्हणाली, “कोन दामाजी? गाठवाला?” आणि तोंडावर हात ठेवून हसली. तेव्हा मला कळलं नाही का हसली.

ओट्यावर त्याची बायको हौसाबाई सुपात जवळा, ती बारीक सुकी कोळंबी, निवडत होती. मला बघून तिने सूप खाली ठेवलं नाही.

“कोन, कॉलेजची बाय? या. आता काय लिवून घ्याला आयलाव?”

“दामाजी आहेत का?”

“हायेत ना. कुठं जातील? नाक्यावर गेलं तं लोक इचारतान, दामाजी, ही चप्पल तुझी का सासऱ्याची?”

मग तिने सगळं सांगितलं, जवळ्यातला कचरा काढता काढता, वर न बघता. आमच्या कॉलेजातला शिपाई उत्तम याच गावचा. त्याने गंमत म्हणून सांगितलं होतं, की दामाजीने स्वतःची गाठ आणि सासऱ्याची गाठ यांत घोळ घातला आणि तसं लिहून दिलं. इतकंच. पण उधाणानंतर जाळी गुंतली की आजवर गाव दामाजीला बोलवायचं. सगळ्या घरांच्या गाठी त्याला तोंडपाठ. तो म्हणेल ते खरं. त्या वर्षी कोणीतरी म्हणालं, यानं तर कागदावर कबूल केलंय, याचं कसं धरायचं? त्यानंतर बोलावणं आलं नाही. “सात वर्सं,” हौसाबाई म्हणाली. “जाल्याला हात नाय लावला. सुतली बांधायची तं मला सांगतो.”

दामाजी आतून आला. केस पूर्ण पांढरे, गंजीफ्रॉक, तोच चेहरा. “बसा मॅडम. चाय टाक गं.” मागोमाग शेजारचे दोघं-तिघं आले, कारण त्या ओट्यावर कोणी बाहेरचं माणूस आलं की येतातच, त्यांत धाकू होता, गावाचा जुना पंच, ज्याच्यासमोर गाठींचे निवाडे व्हायचे. मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. वर्गात वीस वर्षांच्या पोरांना शिकवते ते मला तिथे नीट सांगता येईना. म्हटलं, पानातला हिरवा रंग एका बारीक दाण्यात असतो. बहुतेक झाडांत तो दाणा आईकडून पोराला मिळतो. मोरपंखीत बापाकडून मिळतो. म्हणून पिवळ्या बापाची पोरं पिवळी आली. गाठी बरोबर होत्या. दोन्ही.

 मग धाकू म्हणाला, “म्हंजी झाडाला पन बापाचाच नाव लागतं?”

“बगा, पुरुषाची जात,” हौसाबाई म्हणाली. “झाडात पन वाटा मागते. आनि पोर वागवते कोन?”

“आई,” मी म्हटलं. “बी आईचंच. खाणंपिणं तिचंच.”

“तेच तं!” सगळे हसले. दामाजी हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता, भिंगातून बघायचा तसा.

“मॅडम, आईचं दाणं जातं कुठं?”

“विरून जातं. बापाचं आलं की आईचं हळूहळू नाहीसं होतं.”

“म्हणजे ते त्या थेंबातून आत गेलं, आनि आपण बाहेर उभं होतो.”

“हो.”

“फूटभर लांब.”

“हो, दामाजी.”

त्याने मान हलवली. किती तरी वेळ हलवत राहिला. मला वाटलं आता तो काही तरी कडू बोलेल, आणि मी ते ऐकायला तयार होते. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं, साठीच्या माणसाला शोभणार नाही इतकं उघडं नवल. मग हळू आवाजात, फक्त मला, म्हणाला, “मी मानलेलं. आधी नाय मानलं. मग रोज रात्री मनात दोन्ही गाठी बांधून बघायचो. पह्यली कुठची, दुसरी कुठची. बांधून बांधून मलाच ठाऊक नाय राहिलं. शेवटी म्हटलं, एवढी शिकलेली बाई सांगते तं चुकला असंल हात.”

मी म्हणाले, “हात चुकला नव्हता. पुस्तक चुकलं होतं.”

“पुस्तक?”

“तेव्हाच्या पुस्तकात नव्हतं हे.”

“मग पुस्तकाला बोलवा सहीला,” दामाजी म्हणाला. आवाज चढवला नाही. “रजिस्टरात माझी सही हाय ना? त्याखाली पुस्तक सही करंल का?”

धाकू म्हणाला, “कागदावर कागदच लागतो, बाय.” चहा आला. मी तो बशीत ओतला तेव्हा हौसाबाईने साखरेचा डबा मुकाट्याने पुढे सरकवला.

सोमवारी मी विभागाच्या कपाटातून शहाऐंशीचं रजिस्टर काढलं. पानाला झुरळांनी कड खाल्ली होती, सही शाबूत. खाली मी लिहिलं, ‘तत्कालीन उपलब्ध माहितीच्या आधारे काढण्यात आलेला निष्कर्ष...’ आणि थांबले. कोणी काढला? ‘काढण्यात आलेला’ म्हणजे घड्याळ मागे पडलेलं. खोडलं. पुन्हा लिहिलं, ‘त्या काळी ग्रंथांमध्ये...’ तेही खोडलं. सबनीस सर निवृत्त झालेले, खोलीत कोणी नव्हतं, खिडकीबाहेर मुलं ओरडत होती, आणि मला बाबांचा हात आठवला, घड्याळाला किल्ली देताना दोष देणारा, स्वच्छ, सुबक हात, अगदी माझ्यासारखा. तिसऱ्यांदा लिहिलं: ‘दामाजी परशुराम नाखवा यांच्या गाठी बरोबर होत्या. चूक मी केली.’ सही. तारीख. दहा शब्दांना दुपार गेली. खाडाखोडीसकट त्याची झेरॉक्स काढली.

ती कळव्याला धाकूच्या ओट्यावर मी मोठ्याने वाचली. उत्तमलाही बोलावून घेतलं होतं. तो खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता. वाचून झाल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तिथे वाजवतही नाहीत. धाकूने नुसतं दाराआड हात घालून जाळ्याचा एक तुटका तुकडा काढला, मागच्या उधाणात कुठून तरी आलेला, कोणी दावा न सांगितलेला, आणि दामाजीच्या मांडीवर टाकला. “हे कुनाचं, सांग.”

दामाजीने तुकडा उचलला. गाठीवर अंगठा ठेवला. डोळे मिटले. आम्ही सगळे त्याच्या अंगठ्याकडे बघत होतो. तो गाठीवरून एकदा गेला, परत आला, वेढ्यांपाशी थांबला, टोकाशी गेला. हौसाबाईचे ओठ हलत होते.  खाडीत ओहोटी लागली होती, चिखलाचा बुडबुडा फुटल्याचे आवाज येत होते.

“आज नाय सांगत,” तो म्हणाला.

“काय झालं?”

“सात वर्सं मी याला खोटं पाडलंय.” अंगठा त्याने सगळ्यांसमोर जरा वर धरला. “आधी त्याची माझी वळख होऊ दे. हा तुकडा राहू दे माझ्याकडं.”

धाकू म्हणाला, “राहू दे. मग सांग.” आणि एवढं बोलून तो उठून आत गेला, म्हणजे निवाडा दामाजीकडे परत गेला होता. निघताना मी वळून बघितलं. तो तसाच बसला होता, डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं, आणि अंगठा चालत होता, अतिशय हळू, जसा तो पराग आत चालला असेल, महिनोन्‌महिने, अंधारात, कोणाला न विचारता.

मोरपंखीच्या गर्भाला हरितलवकं आणि तंतुकणिका बापाकडून मिळतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून एका संशोधिकेने फ्रेंच भाषेत १९६९ साली, माझ्या प्रयोगाच्या सोळा वर्षं आधी, छापलं होतं. दामाजी त्याच वर्षी जूनमध्ये आमच्या कॉलेजात झाडलोटीच्या कामावर लागला.